‘साठी बुद्धी नाठी’ म्हणून किती दिवस चालवायचं? अल्झायमर आणि आपल्या घरातल्या सांभाळणाऱ्या बायका

दर वर्षी २१ सप्टेंबरला जागतिक अल्झायमर दिन असतो. मोठ्या शहरांत एखादी फेरी निघते, वर्तमानपत्रात एखादा लेख येतो. बारामती-इंदापूरच्या आपल्या मोहल्ल्यांत मात्र तो दिवस कधी आला आणि कधी गेला, कुणाला कळत नाही. आजार आपल्याकडं नाही असं नाही. आपल्या घरांत तो आहे, पण त्याचं नाव कुणी घेत नाही.

इंदापूर तालुक्यातल्या भीमाकाठचंच बघा. उजनी धरण १९८० साली पूर्ण झालं आणि नदीकाठची कितीतरी जुनी गावठाणं पाण्याखाली गेली. जुन्या पळसदेवचं मंदिर आजही उन्हाळ्यात पाणी ओसरलं की वर दिसतं. धरण झालं तेव्हा जे तिशीत होते, ते आज पंच्याहत्तरीच्या आसपास आहेत. त्यांच्यातले एखादे अब्बा रोज मगरिबच्या सुमारास चपला घालतात आणि म्हणतात, “चला, घरी जायचंय.” सून सांगते, “अब्बा, हेच आपलं घर.” त्यांना पटत नाही. त्यांना जायचंय ते घर पंचेचाळीस वर्षांपासून धरणात आहे. असं घर आपल्यापैकी अनेकांच्या पाहण्यात असेल. धरण नसेल तर जुना वाडा असेल, माहेर असेल.

अशा वेळी आपल्याकडं तीन उत्तरं तयार असतात. शेजारी म्हणतात, म्हातारचळ आहे, साठी बुद्धी नाठी. नातेवाईक म्हणतात, कुणाची तरी नजर लागली, काही असर दिसतो. आणि काही जण हळूच म्हणतात, सून नीट बघत नसेल. तिन्ही उत्तरांत आजार कुठंच नाही. तिसऱ्या उत्तरात तर जी दिवसरात्र राबते तिलाच गुन्हेगार ठरवलं जातं. आमच्या मते अल्झायमरची जनजागृती करायची असेल तर ती इथूनच सुरू करायला हवी. आजारी माणसाकडं बघायला हवंच, त्याचबरोबर त्याला सांभाळणाऱ्या माणसाकडंही बघायला हवं.

हा आजार म्हणजे नेमकं काय

१९०६ साली आलोइस अल्झायमर नावाच्या जर्मन डॉक्टरनं एका बाईची हकीकत इतर डॉक्टरांपुढं मांडली. ती पन्नाशीत आजारी पडली होती. तिला आठवत नव्हतं, बोलताना शब्द सापडत नव्हते, आणि नवऱ्यावर ती विनाकारण संशय घेत होती. तिच्या मृत्यूनंतर मेंदू तपासला तेव्हा त्यात विशिष्ट पदार्थ साठलेले आणि पेशी मेलेल्या दिसल्या. पुढं याच डॉक्टरच्या नावावरून आजाराचं नाव पडलं. म्हणजे बीपी, शुगर, दमा यांच्यासारखाच हा शरीराचा आजार आहे. फक्त तो मेंदूत होतो.

स्मृतिभ्रंश हा मोठा गट आहे आणि अल्झायमर हा त्यातला सर्वांत जास्त आढळणारा प्रकार. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांपैकी ६० ते ७० टक्क्यांमध्ये अल्झायमर असतो. अर्धांगवायूच्या लहान-मोठ्या झटक्यांमुळे होणारा स्मृतिभ्रंशही असतो. बीपी आणि शुगरकडं दुर्लक्ष झालेल्या घरांत हा प्रकार जास्त दिसतो.

अल्झायमरमध्ये आधी नवीन आठवणी जातात. जुन्या बराच काळ टिकतात. म्हणून अब्बांना चाळीस वर्षांपूर्वीच्या गावातली विहीर आठवते, पण सकाळी नाश्ता केला हे आठवत नाही. लहानपणी पाठ केलेल्या सूरह तोंडपाठ असतात, पण किती रकात झाल्या हे लक्षात राहत नाही. घरच्यांना वाटतं, “एवढं सगळं आठवतं, मग जेवलो हेच कसं आठवत नाही? नाटक करतात.” ते नाटक नसतं. आजाराची पद्धतच तशी आहे.

वयानुसार होणारं विसरणं वेगळं. चष्मा कुठं ठेवला हे विसरणं, एखाद्याचं नाव पटकन न सुचणं आणि नंतर आठवणं, यात घाबरण्यासारखं काही नाही. पण रोजच्या वाटेवरून घरी परतताना चुकणं, तोच प्रश्न दहा मिनिटांत पाच वेळा विचारणं, वर्षानुवर्षं बनवलेली बिर्याणी करताना पुढं काय करायचं ते न सुचणं, पैशांचा साधा हिशोब न जमणं, स्वभाव एकदम बदलणं ही लक्षणं दिसली तर डॉक्टरांकडं जायला हवं.

लवकर जाण्याचं आणखी एक कारण आहे. विसरणारा प्रत्येक माणूस अल्झायमरचा नसतो. ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइडचा बिघाड, नैराश्य, काही औषधांचा परिणाम यामुळंही विसरायला होतं आणि यातलं बरंचसं इलाजानं सुधारतं. आजी एक-दोन दिवसांतच एकदम बरळायला लागली तर लघवीचा संसर्ग किंवा शुगर खाली-वर झालेली असू शकते. तेव्हा त्याच दिवशी दवाखाना गाठावा. ‘म्हातारचळ’ म्हणून सोडून दिलं तर बरा होणारा आजारही आपण अंगावर काढतो.

खुद्द अल्झायमर मात्र आज पूर्ण बरा होत नाही. डोनेपेझिलसारख्या गोळ्यांनी काही जणांना काही काळ थोडा फायदा होतो. अमेरिकेत २०२३ मध्ये मंजूर झालेलं लेकानेमॅब हे सुरुवातीच्या टप्प्यातल्या रुग्णांसाठीच आहे. त्यासाठी मेंदूचे वारंवार स्कॅन करावे लागतात आणि आजार फक्त थोडा मंदावतो. आपल्या तालुक्यातल्या घराच्या दृष्टीनं आज खरा इलाज एकच आहे, तो म्हणजे चांगली देखभाल. आणि ही देखभाल वर्षानुवर्षं चालते.

आपल्या दोन तालुक्यांचा हिशोब

भारतात ज्येष्ठांच्या स्मृतिभ्रंशाचा मोठा राष्ट्रीय अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार साठीच्या वरच्या भारतीयांत ७.४ टक्के लोकांना स्मृतिभ्रंश आहे, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसं. पुरुषांपेक्षा स्त्रियांत आणि शहरांपेक्षा खेड्यांत हे प्रमाण जास्त आढळलं. ‘हा शहरातल्या शिकलेल्या लोकांचा आजार’ हा समज यामुळं खोटा ठरतो.

२०११ च्या जनगणनेत बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांची मिळून लोकसंख्या आठ लाखांच्या वर होती. महाराष्ट्रात तेव्हा दहा टक्क्यांच्या आसपास लोक साठीच्या वर होते. हे दोन्ही आकडे आणि ७.४ टक्के हे प्रमाण धरलं तर या दोन तालुक्यांत सहा हजारांच्या आसपास रुग्ण निघतात. हा आमचा ढोबळ हिशोब आहे, सर्वेक्षण नाही. शिवाय लोकसंख्या तेव्हाची आहे, त्यानंतर म्हाताऱ्यांची संख्या वाढलीच आहे. सहा हजार रुग्ण म्हणजे सहा हजार घरं, आणि त्या प्रत्येक घरात किमान एक सांभाळणारं माणूस.

हे माणूस बहुतेक वेळा बाई असते. जगभरात स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांची जी देखभाल घरच्यांकडून होते, त्यातले ७० टक्के तास स्त्रियांचे असतात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आपल्याकडं ती सून असते, लग्न न झालेली किंवा माहेरी परतलेली मुलगी असते, नाहीतर स्वतःच सत्तरीची झालेली बायको.

तिचा दिवस कसा जातो

रात्री दोनला सासूबाई उठतात आणि दाराची कडी काढायला लागतात. ही उठते. पहाटे त्यांचे कपडे बदलायचे असतात, त्या हात झटकतात. दुपारी शेजारीण आली की सासूबाई तिला सांगतात, “माझ्या बांगड्या हिनं घेतल्या. मला जेवायला देत नाही.” आत्ताच जेवल्याचं त्यांना आठवत नाही आणि बांगड्या कुठं ठेवल्या तेही आठवत नाही. मग मेंदू ती रिकामी जागा काहीतरी गोष्ट रचून भरतो, आणि त्या गोष्टीत चोर ठरते ती समोर सतत दिसणारी सून. अल्झायमरनं पाहिलेल्या पहिल्या रुग्णातही संशय होताच. हा आजाराचा भाग आहे. पण मोहल्ल्यात बातमी पसरते ती ‘सून सासूला उपाशी ठेवते’ अशी.

त्यात पुण्याहून नणंद दोन तासांसाठी येते. पाहुणे आले की रुग्ण बऱ्याचदा थोडा वेळ छान बोलतो. नणंद म्हणते, “अम्मी तर ठीक आहेत. तुम्ही उगाच वाढवून सांगता.” आणि ती संध्याकाळच्या एसटीनं परत जाते.

हे आमच्या मनचं नाही. गोव्यात या विषयावर झालेला एक अभ्यास २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. लोक स्मृतिभ्रंशाकडं वयाचा भाग म्हणून बघतात, नाहीतर मुलांनी दुर्लक्ष केलं, प्रेम दिलं नाही म्हणून असं झालं असं मानतात, हे त्यात दिसलं होतं. समाज असा विचार करत असेल तर कुठली बाई उघडपणे म्हणेल की मी थकले, मला मदत हवी? मदत मागणं म्हणजेच गुन्हा कबूल करणं होतं. म्हणून ती गप्प राहते. तिची स्वतःची शुगर वाढते, पाठ जाते, झोप जाते. कधी घरातली मुलगी कॉलेज सोडते.

खिदमत फर्ज कुणावर

आई-वडिलांची खिदमत ही आपल्या दीनमधली फार मोठी गोष्ट आहे, हे लहान मुलालाही शिकवलेलं असतं. माणूस सगळं शिकून पुन्हा काहीच न कळण्याच्या वयाला पोहोचू शकतो, याचाही उल्लेख कुरआनमध्ये आहे. म्हणजे ही अवस्था आपल्याला अनोळखी नाही.

पण खिदमत कुणी करायची, हा प्रश्न आपण नीट विचारत नाही. आई-वडिलांची जबाबदारी त्यांच्या मुला-मुलींवर आहे. सून सासू-सासऱ्यांचं करते ते तिचं एहसान आहे, तिच्यावर ती शरई सक्ती नाही, असं बहुतेक उलेमा सांगतात. आपल्या घरांत मात्र मुलगा जुम्याला पहिल्या सफमध्ये बसून आई-वडिलांच्या हक्कांवरचा बयान ऐकतो आणि घरी आल्यावर अब्बांची लघवी काढण्याचं काम बायकोवर सोडतो. सवाब आपला आणि मेहनत तिची, असा हा हिशोब झाला. तो बदलायला हवा, असं आम्हाला स्पष्ट म्हणायचं आहे.

दुसरी गोष्ट इबादतीची. अब्बांची नमाज चुकते, वुजू मोडलेला कळत नाही, रोजा असताना पाणी पितात, म्हणून घरचे त्यांना टोकतात, रागावतात. ज्याची समज गेली आहे त्याच्यावर हिशोब नाही, हे आपल्या फिक्हचं जुनं तत्त्व आहे. कुणाच्या बाबतीत नेमकं काय लागू होतं हे आपल्या आलिमना विचारावं. पण सोबत बसून नमाज पढल्यानं त्यांना सुकून मिळत असेल तर पढू द्यावी. रकात मोजायला बसू नये.

नजर, असर याबद्दलही थोडं बोलू. दुआ करावी, दम करून घ्यावा, त्यात कुणाची अडचण नाही. पण इलाज करून घेणं हीसुद्धा प्रेषितांची (स.) शिकवण आहे. दर्ग्यांच्या आणि बाबांच्या फेऱ्यांत दोन वर्षं गेली आणि ब-१२ची साधी रक्ततपासणी राहून गेली, असं होऊ नये.

गोव्यानं दोन तालुक्यांत करून दाखवलं

मग करायचं काय? याचं उत्तर शोधायला फार लांब जायची गरज नाही. गोव्यात डॉ. अमित डायस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोनच तालुक्यांत एक प्रयोग केला. तो २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ८१ कुटुंबं होती. निम्म्या कुटुंबांकडं सहा महिने, पंधरा दिवसांतून किमान एकदा, प्रशिक्षण घेतलेले गृहभेट सल्लागार जायचे. ते डॉक्टर नव्हते. स्थानिक भाषा येणारी, थोड्या दिवसांचं प्रशिक्षण घेतलेली साधी माणसं होती. त्यांच्या पाठीशी एक समुपदेशक आणि अर्धवेळ मनोविकारतज्ज्ञ होते.

हे सल्लागार घरी बसून आजार समजावून सांगायचे. कपडे, अंघोळ, जेवण यावेळी काय करावं, चिडल्यावर कसं बोलावं हे दाखवायचे. गरज पडली तर डॉक्टरांकडं पाठवायचे, सरकारी योजनांची माहिती द्यायचे. सहा महिन्यांनी दिसलं की सांभाळणाऱ्या माणसांचा मानसिक ताण स्पष्टपणे कमी झाला होता. रुग्णांच्या वागण्यात मात्र ठामपणे सांगता येईल असा फरक पडला नाही. आम्हाला हीच गोष्ट महत्त्वाची वाटते. आजार तोच राहिला, तरी घर चालवणं सोपं झालं. कुणीतरी नियमित घरी येतं, ऐकून घेतं आणि ‘तुमचं चुकत नाही’ असं सांगतं, याचा एवढा आधार होतो.

बारामती-इंदापूरमध्ये काय होऊ शकतं

गोव्यातले तालुके दोन होते, आपलेही दोनच आहेत. बारामतीत २०१९ पासून पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. सिल्व्हर ज्युबिली उपजिल्हा रुग्णालय आहे. इंदापूरला उपजिल्हा रुग्णालय आहे. गावोगावी आशाताई आहेत. त्यांच्याकडं तीस वर्षांवरच्या लोकांच्या आजारांची माहिती भरायचा जो सरकारी फॉर्म असतो, त्यात ज्येष्ठांसाठी एक प्रश्न आधीपासून आहे: जवळच्या माणसांची नावं किंवा घराचा पत्ता विसरता का? म्हणजे सरकारनं प्रश्न विचारायला सांगितला आहे. पण ‘हो’ असं उत्तर आलं तर पुढं काय, हे त्या घराला कळायला हवं.

आमची मागणी मोठी नाही. वैद्यकीय महाविद्यालयात स्मृतिभ्रंशाच्या तपासणीचा आठवड्यातला एक वार ठरवून तो गावागावांत जाहीर करावा. इंदापूरला महिन्यातून किमान एकदा तज्ज्ञ यावेत, कारण भांबावलेल्या माणसाला एसटीत बसवून पुण्याला ससूनपर्यंत नेणं म्हणजे काय हे ज्यानं केलंय त्यालाच ठाऊक. आणि आशाताईंना या आजाराचं प्रशिक्षण आणि त्या कामाचा वेगळा मोबदला मिळावा.

सध्याच्या योजनांतली मोठी उणीवही लक्षात घ्यायला हवी. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीवरच्या सगळ्यांना उत्पन्नाची अट न लावता आयुष्मान भारतखाली पाच लाखांपर्यंतचं संरक्षण मिळतं. हे चांगलंच आहे, कार्ड काढून घ्यावं. पण ते रुग्णालयात दाखल झाल्यावरच उपयोगी पडतं. अल्झायमरचा रुग्ण दाखल होत नाही, तो घरीच असतो. त्याच्या देखभालीचे तास कुठल्याच योजनेत मोजले जात नाहीत. मुख्यमंत्री वयोश्री योजनेतून पासष्टीवरच्या, दोन लाखांपर्यंत वार्षिक कौटुंबिक उत्पन्न असलेल्या ज्येष्ठांना साधनांसाठी एकदा ३००० रुपये मिळतात. कमोड खुर्ची, वॉकर किंवा श्रवणयंत्रासाठी त्यांचा उपयोग होतो. सांभाळणाऱ्या बाईसाठी मात्र काहीच नाही.

सरकार करेल तेव्हा करेल. आपली जमात आजच काही करू शकते. मस्जिद ट्रस्टनं एखाद्या जुम्याला डॉक्टरांना दहा मिनिटं बोलायला द्यावीत. औरतांच्या इज्तिमात हा विषय घ्यावा. मोहल्ल्यातल्या चार-पाच तरुणांनी आणि मुलींनी वार वाटून घ्यावेत आणि अशा घरात जाऊन दोन तास बसावं, म्हणजे ती बाई झोपू शकेल, बाजाराला जाऊ शकेल, माहेरी एक दिवस राहून येऊ शकेल. याला पैसे लागत नाहीत.

घरच्यांनी लक्षात ठेवायच्या गोष्टी

वाद घालू नका. “घरी जायचंय” म्हणाले तर “धरणात गेलं ते घर” असं रोज सांगून त्यांना रोज नवा धक्का देऊ नका. “चला, आधी चहा घेऊ, मग बघू” म्हणून अंगणात दोन फेऱ्या मारून आणा.

कुर्त्याच्या खिशात नाव आणि घरचा मोबाईल नंबर लिहिलेलं कार्ड ठेवा. किराणावाला, रिक्षावाले, मस्जिदीतले साथी यांना सांगून ठेवा. हे लपवण्यासारखं नाही. लपवलं तर हरवल्यावर शोधणं अवघड जातं. उमराहला न्यायचा विचार असेल तर आधी डॉक्टरांशी बोला आणि गर्दीत त्यांना क्षणभरही एकटं सोडू नका.

गोळ्यांचा डबा दुसऱ्याच्या ताब्यात असावा. शुगरची गोळी दोनदा घेतली गेली तर जिवावर बेतू शकतं.

जमीन, बँक आणि वसीयतीचं जे काही असेल ते सुरुवातीच्या टप्प्यात, त्यांना सगळं समजत असतानाच, सर्व वारसांसमोर आणि वकिलाच्या सल्ल्यानं करून घ्या. समज गेल्यावर घेतलेला अंगठा कायद्यानं टिकत नाही आणि भावंडांत कायमची भांडणं लावतो.

भावंडांनी बसून वाटणी करा, पैशांची आणि वेळेचीही. लांब राहणाऱ्यांनी महिन्यातून दोन दिवस येऊन स्वतः सांभाळावं. दोन रात्री जागल्या की ‘अम्मी तर ठीक आहेत’ असं कुणी म्हणत नाही.

फोनवर मदत मिळते. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही हेल्पलाईन आहे. मन खचलं, रडू येतंय, झोप नाही, तर टेली-मानसचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालू असतो. तो सांभाळणाऱ्यांसाठीही आहे.

आणि जे आज चाळिशी-पन्नाशीत आहेत त्यांनी स्वतःकडं बघावं. बीपी, शुगर, कोलेस्टेरॉल, तंबाखू-सिगारेट, कमी ऐकू येणं, बसून राहणं, एकटं पडणं असे चौदा धोके आटोक्यात ठेवले तर जगातले जवळपास ४५ टक्के स्मृतिभ्रंश टाळता किंवा लांबवता येऊ शकतात, असं ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगानं २०२४ मध्ये सांगितलं आहे. तंबाखू सोडण्यासाठी आणि रोज चालण्यासाठी पुण्याला जावं लागत नाही.

येत्या जुम्याला नमाजनंतर आपल्या मोहल्ल्यात असं घर कुठलं आहे, याचा विचार करा. असं घर असेलच. तिथं जा, अब्बांना सलाम करा, त्यांनी तीच गोष्ट तिसऱ्यांदा सांगितली तरी ऐकून घ्या. आणि आत पडद्याआड जी बाई आहे, तिला घरच्यांमार्फत एवढंच विचारा, “कुठल्या वारी यायचं, म्हणजे तुम्हाला दोन तास मिळतील?”